नोकरी गेली, पगार थांबला. बाळ सांभाळणाऱ्या मावशींना ठेवायचं की थांबवायचं?

घरातल्या दोन पगारांपैकी एक अचानक थांबला की पहिली काट बसते बाहेरच्या जेवणावर आणि ओटीटीवर. दुसरी काट कुठे मारायची, हे ठरवताना बहुतेक घरांची नजर बाळ सांभाळायला येणाऱ्या मावशींच्या पगाराकडे जाते. कारण सरळ आहे. घराचा हप्ता आणि किराणा यांच्यानंतर महिन्याचा तोच मोठा आकडा असतो आणि तो चुकला तर मावशी बँकेसारखी नोटीस पाठवत नाहीत. त्यात नोकरी गेलेला माणूस दिवसभर घरीच दिसतो. ‘आता घरी आहेसच, मग बाई कशाला?’ हा प्रश्न सासर आणि माहेर दोन्हीकडून येतो.

पण हा खर्च दुधाच्या रतिबासारखा आज अर्धा लिटर आणि पुढच्या महिन्यात पुन्हा एक लिटर असा खालीवर करता येत नाही. चांगल्या मावशी एकदा गेल्या की दुसरं घर धरतात. त्यामुळे प्रश्न फक्त ‘परवडतं का’ इतकाच नसतो. अडचण किती महिने चालेल, तेवढ्या काळात किती पैसे वाचतील आणि नंतर घडी पुन्हा बसवायला किती लागतील, या तिन्हींचा हिशेब एकत्र मांडावा लागतो.

सुकापुरात हा प्रश्न जास्त का टोचतो?

सुकापूर म्हणजे नवीन पनवेलहून माथेरान रस्त्याने नेऱ्याकडे जाताना लागणारं, पाली देवद ग्रामपंचायतीतलं गाव. सिडकोच्या नवीन पनवेलला खेटून असल्यामुळे इथं शेतांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. पनवेल-खारघरपेक्षा घर स्वस्त मिळतं म्हणून अनेक तरुण जोडपी हप्ता काढून इथं आली. त्यांची कामाची ठिकाणं मात्र लांब आहेत: तळोजा एमआयडीसी, कळंबोलीचा लोखंड बाजार, उरणचं बंदर, बेलापूर, वाशी, ऐरोली, थेट मुंबई. पनवेल ते सीएसएमटी लोकललाच साधारण ८० मिनिटं लागतात. त्यात घरापासून स्टेशनपर्यंतची रिक्षा आणि उतरल्यावरची चाल धरली, तर आठ तासांच्या नोकरीसाठी माणूस अकरा-बारा तास घराबाहेर असतो.

म्हणूनच इथं पाळणाघरापेक्षा घरी येणाऱ्या मावशींवर भिस्त जास्त असते. पाळणाघर सातला बंद होत असेल आणि हार्बरची गाडी कुर्ल्याला खोळंबली असेल, तर बाळाला घ्यायला कोण जाणार? विश्वासाचाही भाग आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये याच पनवेल तालुक्यातल्या खारघरमध्ये एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला मारहाण झाल्याचं सीसीटीव्हीत दिसलं आणि राज्यभर खळबळ उडाली. पाळणाघर ठरवताना त्या चित्रफितीचा विषय अजूनही निघतो. अशा ठिकाणी वर्षभर बाळाला नीट सांभाळणारी, वेळेवर येणारी आणि शेजारच्या दोन घरांच्या ओळखीची बाई मिळणं ही मोठी जमेची बाजू असते. जमाखर्चाच्या वहीत मात्र ती ‘खर्च’ या एकाच रकान्यात दिसते.

आधी ठरवायचं: अडचणीला तारीख आहे का?

उत्पन्न थांबण्याचे दोन प्रकार असतात आणि निर्णय त्यावरच फिरतो.

पहिल्या प्रकारात शेवटाची तारीख माहीत असते. आजारपणाची बिनपगारी रजा, नवं ऑफर लेटर हातात असताना मधले दोन महिने, कंत्राटदाराकडे अडकलेलं बिल, पावसाळ्यात मंदावणारं आणि दसऱ्यानंतर पुन्हा उठणारं काम. दुसऱ्या प्रकारात तारीखच नसते. कंपनीनं कपात केली, धंदा बसला, प्रोजेक्ट गेला. ‘महिन्याभरात मिळेल दुसरी नोकरी’ ही आशा असते, तारीख नव्हे. घरात बसून हा फरक मान्य करणं जड जातं, पण तो केला नाही तर पुढचं सगळं गणित चुकतं.

आता एक उदाहरण मांडून पाहू. आकडे समजण्यापुरते आहेत. मावशींचा पगार तास, बाळाचं वय आणि इमारत यांप्रमाणे बदलतो. समजा, नवऱ्याची ५८,००० रुपयांची नोकरी गेली आणि बायकोचा ४६,००० रुपयांचा पगार चालू आहे. घराचा हप्ता २४,०००, किराणा, दूध आणि डायपर १४,०००, वीज, गॅस, फोन आणि सोसायटीचा मेंटेनन्स ७,०००, प्रवास ४,०००, विमा आणि औषधं ३,०००. म्हणजे टाळता न येणारा खर्च ५२,०००. त्यावर मावशींचे १२,०००. हाताशी, म्हणजे मुदतठेव आणि बचत खात्यात, १,२०,००० रुपये आहेत.

मावशी पूर्ण पगारावर राहिल्या तर महिन्याला १८,००० कमी पडतात आणि साठा साडेसहा महिने पुरतो. मावशींना थांबवलं तर तूट ६,०००, आणि साठा वीस महिने पुरतो. इथवर पाहिलं की उत्तर स्पष्ट वाटतं आणि बहुतेक लोक इथंच वही मिटतात.

पण पान उलटलं की परतीचा खर्च दिसतो. नवी नोकरी लागली की लगेच कोणीतरी लागणार. एजन्सीकडून बाई घेतली तर कमिशन द्यावं लागतं. ते एका महिन्याच्या पगाराएवढं, म्हणजे १२,००० धरू. नवी बाई बाळाला सरावेपर्यंत घरातल्या कुणाला तरी थांबावं लागतं. नव्या नोकरीत रुजू झालेल्याला रजा मिळत नाही, म्हणून दुसऱ्याची दहा दिवसांची बिनपगारी रजा पडते. ४६,००० पगाराच्या हिशेबानं ते सुमारे १५,३००. एकूण २७,३०० रुपये. मावशींना थांबवून महिन्याला १२,००० वाचत असतील, तर ही रक्कम भरून निघायलाच सव्वादोन महिने लागतात. त्याआधी नोकरी लागली तर बचत शून्य झाली आणि बाळाची घडी फुकट मोडली.

मधला पर्याय धरला, म्हणजे अर्धा दिवस ७,००० रुपयांवर, तर महिन्याची तूट १३,००० होते आणि साठा नऊ महिने पुरतो. या मधल्या पर्यायाच्या तुलनेत मावशींना पूर्ण थांबवून महिन्याला ७,००० जास्त वाचतात, म्हणजे परतीचा खर्च निघायला जवळजवळ चार महिने लागतात. अडचण चार महिन्यांच्या आत संपण्याची खरी शक्यता असेल, तर अर्धा दिवस ठेवणं हे भावनेचं नव्हे, हिशेबाचंच उत्तर आहे.

प्रत्येक घराचे आकडे वेगळे येतील. एजन्सी न लागता शेजारणीकडून बाई मिळत असेल तर परतीचा खर्च खूप कमी होतो. बाळ सहा महिन्यांचं असेल तर सरावायला वेळ जातो. अडीच वर्षांचं असेल तर बालवर्ग सुरू होईपर्यंतचेच महिने मोजायचे असतात. तूट मोजताना एक गोष्ट हमखास विसरली जाते. नोकरीबरोबर कंपनीचा आरोग्य विमाही जातो. लहान बाळ असलेल्या घरानं विम्याशिवाय राहणं परवडत नाही, त्यामुळे स्वतंत्र पॉलिसीचा हप्ता पहिल्याच महिन्यात खर्चात धरावा लागतो.

उत्पन्नाच्या बाजूलाही काही निसटतं का, ते पाहावं. ज्यांचा पगार २१,००० रुपयांपर्यंत होता आणि ईएसआयसी कापलं जात होतं, त्यांना अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत सरासरी रोजच्या कमाईच्या ५० टक्के रक्कम जास्तीत जास्त ९० दिवस मिळू शकते. ही सवलत आयुष्यात एकदाच मिळते आणि योजनेची मुदत वेळोवेळी वाढवली जाते, त्यामुळे अर्ज करण्याआधी ती चालू आहे का हे विचारून घ्यावं. एसआयपी थांबवता येते. घराच्या हप्त्याबाबत मात्र आधी बँकेत जाऊन बोलावं. ९० दिवस थकलेलं कर्ज अनुत्पादित ठरतं आणि मग मुदत वाढवून घेणंही अवघड होतं.

‘घरीच तर आहे’ म्हणजे नेमकं काय?

नोकरी शोधणं हे दिवसाचे चार-पाच तास खाणारं काम आहे. रेझ्युमे, फोन, ओळखीपाळखी, एखादा कोर्स, व्हिडिओ कॉलवरच्या मुलाखती. अकरा वाजता मुलाखत ठेवली की बाळ नेमकं पावणेअकराला झोपेतून उठतं, हे घरी बसलेल्या प्रत्येकाला चौथ्या दिवशी कळतं. मावशींना पूर्ण थांबवल्यामुळे नोकरीचा शोध एक महिना लांबला, तर वरच्या उदाहरणात त्या महिन्याची किंमत ५८,००० रुपये आहे. वाचले किती? १२,०००.

नोकरी कोणाची गेली यावरही बरंच ठरतं आणि हे उघड बोललं जात नाही. बाईची नोकरी गेली तर ‘आता बाळाकडे तीच बघेल’ हे कुणी न ठरवताच ठरतं. पुरुषाची गेली तर मावशी चालू राहण्याची शक्यता जास्त असते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळवापर पाहणीत, घरातल्यांची काळजी घेणाऱ्या बायका त्यासाठी दिवसाला सरासरी १३७ मिनिटं देत होत्या आणि असे पुरुष ७५ मिनिटं. नोकरी गेल्यावर हा तोल आपोआप सुधारत नाही. उलट, मावशी आणि नोकरी दोन्ही एकदम सुटलेली बाई पुन्हा कामावर जायला उशीर करते, कारण जायचं तर आधी बाळाची सोय हवी, आणि सोय करायची तर हातात पगार हवा. या कोंडीत अडकण्याआधी रोजचे निदान तीन-चार तास कुणी बाळाला धरेल अशी व्यवस्था ठेवणं हा चैनीचा खर्च नाही.

मधल्या वाटा

अर्ध्या दिवसाचं ठरवताना तास कुठले, याला फार महत्त्व आहे. पोळ्या, भांडी, झाडू-फरशी ही कामं सकाळी सात ते अकराच्या दरम्यान असतात. मावशींना सकाळ मोकळी दिली आणि बारा ते पाच बोलावलं, तर गेलेला निम्मा पगार त्या सकाळच्या दुसऱ्या घरातून भरून काढू शकतात. उलट, दहा ते तीन बोलावलं तर त्यांचा अख्खा दिवस अडकतो आणि हातात निम्माच पैसा येतो. अशा मावशी दुसऱ्याच महिन्यात सोडून जातात आणि मग घरातले म्हणतात, ‘अडचणीत साथ दिली नाही.’ मुलाखती दुपारी घेणं तसंही जमतं. ‘लागेल तेव्हा फोन करू’ ही व्यवस्था मात्र टाळावी. त्यात ठरलेला पगार नसतो आणि ठरलेला वेळही नसतो. कुणालाच दुसरं काही धरता येत नाही.

एकाच इमारतीतल्या दोन घरांनी एक मावशी वाटून घेणं हा सुकापूरच्या संकुलांमध्ये सहज जमणारा पर्याय आहे. दोन्ही बाळं एका घरात, पगार दोघांत. पण दोन बाळांचं काम एका बाळाच्या पगारात करून घेणं म्हणजे वाटून घेणं नव्हे. एकूण रक्कम आधीच्या पगारापेक्षा ठळक वाढली पाहिजे; १२,००० चे १६,००० झाले तरी प्रत्येक घराचे ४,००० वाचतात. एक बाळ आजारी पडलं तर काय आणि एक कुटुंब गावी गेलं तर त्याचा हिस्सा कोण देणार, हे पहिल्याच दिवशी ठरवायचं.

गावाहून आजीला बोलावणं ही सगळ्यांना सुचणारी वाट. ती अनेकदा उत्तमच ठरते, पण तिलाही तारीख लागते. आजीचं गुडघ्याचं औषध, गावाकडची लावणी-कापणी, आजोबांचं जेवण, हे सगळं थांबवून ती येते. सहा आठवडे म्हणून बोलावलं आणि सहा महिने ठेवलं, असं व्हायला नको. आजी आहे म्हणून मावशींना पूर्ण थांबवलं तर साठीच्या बाईवर दहा तासांचं रांगतं बाळ पडतं. आजी आणि अर्धा दिवस मावशी ही जोडी जास्त टिकते.

सरकारी सोयींत अंगणवाडी तीन ते सहा वर्षांच्या मुलांना पूर्वप्राथमिक शिक्षण देते, पण थोड्याच तासांसाठी. केंद्राच्या मिशन शक्तीखालच्या ‘पाळणा’ योजनेत काही अंगणवाड्यांना जोडून सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी पाळणाघर चालवलं जातं. जवळच्या अंगणवाडी सेविकेकडे चौकशी केली तर आपल्या भागात ते आहे का हे लगेच कळतं. ज्या जोडीदाराची नोकरी शाबूत आहे, त्याच्या कंपनीलाही विचारून पाहावं. ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय हवी, ही तरतूद २०१७ मध्ये मातृत्व लाभ कायद्यात आली आणि आता सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. कागदावर ती जितकी ठळक आहे तितकी प्रत्यक्षात दिसत नाही, हेही खरं.

एक वाट मात्र बंदच समजायची. ‘गावाकडून एखादी मुलगी आणू, खाऊन-पिऊन राहील, बाळाशी खेळेल.’ १४ वर्षांखालच्या मुलांना घरकामाला ठेवण्यावर २००६ पासून बंदी आहे आणि २०१६ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी सहा महिने ते दोन वर्षं कैद किंवा २०,००० ते ५०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. नात्यातली मुलगी म्हणून शाळा सोडवून आणली, तरी शाळा तिचीच बुडते.

मावशींच्या हातात काय असतं?

नोकरी गेलेल्याकडे निदान नोटीस पीरियड, पीएफ, ग्रॅच्युइटी असे शब्द तरी असतात. मावशींकडे त्यातलं काही नसतं. घर म्हणजे कारखाना नव्हे, त्यामुळे पीएफ आणि ईएसआयसी त्यांच्यापर्यंत पोचत नाहीत. एका घराचा पगार थांबला की त्याच दिवशी दुसऱ्या घराचाही थांबतो, आणि ते दुसरं घर आदई, आकुर्ली किंवा विचुंब्याच्या भाड्याच्या खोलीतलं असू शकतं.

राज्यात यावर काहीच झालं नाही असं नाही. १९८० साली पुण्यात मोलकरणींनी पगारवाढ आणि पगारी सुट्टीसाठी संप केला आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. महाराष्ट्रानं २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. या मंडळाकडे नोंदणी असण्याचा उपयोग एप्रिल २०२१ मध्ये दिसला. दुसऱ्या लाटेचे निर्बंध आले तेव्हा राज्य सरकारनं नोंदणीकृत घरेलू कामगारांना प्रत्येकी १,५०० रुपये जाहीर केले. ज्यांची नोंदणी नव्हती त्यांना ते मिळाले नाहीत. नोंदणीसाठी मालकाचं, म्हणजे ज्या घरी काम करतात त्या घराचं, प्रमाणपत्र लागतं. ते लिहून द्यायला पैसे पडत नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं घरकामगारांसाठी कायद्याची चौकट कशी असावी हे तपासायला समिती नेमा, असं केंद्राला सांगितलं. तूर्तास मात्र नोटीस किती द्यायची आणि भरपाई किती, हे घरानेच ठरवायचं असतं.

१९ मार्च २०२० च्या भाषणात पंतप्रधानांनी कामावर येऊ न शकणाऱ्या मदतनिसांचा पगार कापू नका, असं आवाहन केलं होतं. ते आवाहनच होतं; पैसे घरानेच द्यायचे होते. त्याच काळात फ्रान्सनं वेगळी तऱ्हा वापरली. घरी मुलं सांभाळणाऱ्या बाईचे बुडालेले तास मालकाने नोंदवले आणि तिला ८० टक्के पगार दिला, की सरकार ती रक्कम मालकाला परत करत असे. हे जमलं, कारण तिथं घरकाम करणाऱ्यांची रीतसर नोंदणी आधीपासून होती. आपल्याकडे अशी व्यवस्था नाही, म्हणून अर्ध्या दिवसाची सोय हीच घराघरातली छोटी आवृत्ती.

इथं एक युक्तिवाद हल्ली ऐकू येतो: ‘त्यांना लाडक्या बहिणीचे दीड हजार मिळतातच की.’ मिळत असतील. ते त्यांच्या घरचे पैसे आहेत, आपल्या तुटीत धरायचे नाहीत.

सांगायचं कधी आणि कसं?

लवकर, आणि दोघांनी बसून. मावशींना घरातलं वातावरण आधीच कळलेलं असतं. साहेब दिवसभर लॅपटॉप उघडून बसलेत आणि फोनवर हळू बोलताहेत, हे त्यांना दिसतं. पगार आठवडाभर लांबवणं, मग निम्मा देणं, मग ‘पुढच्या महिन्यात एकदम देते’ म्हणणं, हा सगळ्यात वाईट प्रकार. त्यापेक्षा स्वच्छ नाही म्हणणं बरं, कारण त्यांना दुसरीकडे चौकशी तरी करता येते. मावशींचा पगार क्रेडिट कार्डातून किंवा उसनवारीतून भागवायची वेळ आली असेल, तर ठेवण्याची मुदत संपली आहे असं समजावं.

सांगायचं ते साध्या शब्दांत: ‘मावशी, यांची नोकरी गेलीय. पुढचे तीन महिने पूर्ण पगार जमणार नाही. बारा ते पाच आलात तर सात हजार देता येतील, आणि ते एक तारखेला नक्की मिळतील. सकाळी दुसरं काम धरायचं असेल तर धरा. तीन महिन्यांनी पुन्हा बसून बोलू. दुसरीकडे पूर्ण दिवसाचं मिळालं तर आम्हाला आठ दिवस आधी सांगा, आम्ही अडवणार नाही.’ यात रक्कम आहे, तारीख आहे आणि त्यांना जायची मोकळीकही आहे. त्यांनी विचार करायला दोन दिवस मागितले तर द्यावेत. जूनमध्ये त्यांच्या पोरांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च असतो, तेव्हा अर्धा पगार त्यांना खरंच चालणार नाही, असंही होऊ शकतं.

ठरलेलं व्हॉट्सॲपवर दोन ओळींत लिहून ठेवलं की नंतर कुणाचीच आठवण दगा देत नाही. मावशी वाचत नसतील तर व्हॉइस मेसेज चालतो. तास कमी केले तर कामही कमी करायचं, हे त्यातच लिहावं. अर्ध्या पगारात बाळाबरोबर पोळ्या आणि कपड्यांच्या घड्याही हळूहळू मागितल्या जातात, कारण घरात आता एक माणूस सूचना द्यायला दिवसभर हजर असतो.

थांबवायचंच ठरलं तर

अडचणीला तारीख नाही, साठा तीन महिन्यांपेक्षा कमी आहे आणि हप्ता धोक्यात आहे. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की मावशींना थांबवणंच बरोबर, आणि ते दुसऱ्या महिन्यात करण्यापेक्षा पहिल्या महिन्यात केलेलं चांगलं. तेव्हा निदान एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार देण्याइतके पैसे हातात असतात. सगळं संपल्यावर कळवलं तर नोटीसही देता येत नाही.

दिवाळी जवळ आली असेल तर बोनसचा प्रश्न येतो. वर्ष भरल्यावर एक पगार बोनस हा अनेक घरांचा रिवाज आहे. मावशी सप्टेंबरमध्ये जात असतील तर ‘दिवाळी आली नाही, बोनस नाही’ असं म्हणणं सोपं असतं. त्यांनी मात्र मागच्या दिवाळीपासून काम केलेलं असतं. दहा महिने झाले असतील तर बारा हजारांतले दहा हजार त्यांचेच. एकदम जमत नसेल तर दोन हप्त्यांत द्यावेत, पण तारखा सांगून. उचल दिली असेल तर तिचा हिशेब बोनसमधून परस्पर कापू नये. कागदावर मांडून, त्यांना दाखवून वळती करावी. कल्याण मंडळाचं प्रमाणपत्र द्यावं आणि सोसायटीच्या ग्रुपवर त्यांच्यासाठी चार ओळींची शिफारस टाकावी. नव्या घराला शिफारशीचा मोठा आधार असतो, आणि सुकापुरात एक इमारत सोडून दुसऱ्या इमारतीत काम मिळालं तर पुढे परत बोलावण्याची वाटही उघडी राहते.

बाळाचं काय? साधारण आठव्या महिन्यापासून दीड वर्षापर्यंत मुलं ओळखीच्या माणसाला घट्ट धरून असतात आणि परक्याला बिचकतात. आई-मुलाच्या बंधाचा सिद्धांत मांडणारे ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांना लहानपणी सांभाळणारी आया ते चारेक वर्षांचे असताना काम सोडून गेली होती, आणि ते दुःख त्यांनी मोठेपणीही बोलून दाखवलं. यावरून घाबरून जायचं कारण नाही. घरात आई-बाबा आहेत, बाळ सावरतं. पण शुक्रवारपर्यंत रोज दिसणारा चेहरा सोमवारी नाहीसा झाला, असं करू नये. शेवटचे दोन आठवडे तास कमी करत न्यावे, जेवण आणि झोप ही दोन कामं घरच्या माणसानं आधी हातात घ्यावी. दोन वर्षांच्या मुलाला ‘मावशी आता दुसऱ्या बाळाकडे जाणार’ हे कळतं. नंतर एखाद्या रविवारी मावशी भेटायला आल्या तर बाळ आणखी रडेल म्हणून भेट टाळू नये. मुलं निरोपापेक्षा गायब होण्याला जास्त घाबरतात.

पुन्हा पगार सुरू झाल्यावर

नवीन नोकरीचा पहिला पगार साधारण महिना-सव्वा महिन्यानं हातात येतो, आणि बाळाची सोय मात्र पहिल्याच दिवशी लागते. त्यामुळे मावशींना पूर्ण दिवसावर आणण्याचा एक महिन्याचा पगार साठ्यातून बाजूला काढून ठेवावा लागतो. तूट मोजतानाच ही रक्कम वजा केली, तर वरच्या उदाहरणातले १,२०,००० खरे १,०८,००० असतात. अर्ध्या दिवसावर असलेल्या मावशींनी सकाळचं दुसरं घर धरलं असेल, तर ते सोडायला त्यांनाही महिना लागेल. म्हणून ऑफर लेटर येताच, रुजू होण्याची वाट न पाहता, त्यांना सांगायचं. जुना पगार तोच ठेवायचा की मधल्या काळात इमारतीतला दर वाढला असेल तर वाढवायचा, तेही त्याच वेळी बोलून घ्यायचं. मधल्या महिन्यांत सकाळी दुसऱ्या घरी त्यांना काय मिळत होतं, हे त्यांना ठाऊक असतं.